क्रिएटिनिन १.६ आलं: क्रिटिकल इलनेस पॉलिसीचं आता काय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४१, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत नोकरी. कंपनीच्या वार्षिक तपासणीत क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ, किडनी कमी गाळू लागली की वाढतो) १.६ आलं, ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा अंदाजी आकडा, जितका कमी तितका वाईट) ५५, लघवीत प्रोटीन एक प्लस. बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू आहे. दोन वर्षांपूर्वी गृहकर्ज घेताना बँकेनं २० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी (यादीतला गंभीर आजार झाला की ठरलेली रक्कम एकदम देणारी) जोडून दिली. फॉर्म बँकेतल्या माणसानंच भरला आणि आजारांच्या सगळ्या रकान्यांत ‘नाही’ लिहिलं. शिवाय कंपनीचा ५ लाखांचा मेडिक्लेम (रुग्णालयाचं बिल देणारा विमा) आहे. तुम्ही विचारलंय की पॉलिसीच्या यादीत किडनी आहे, मग पैसे मिळतील ना? आणखी एक पॉलिसी लगेच घेऊन ठेवू का? आणि बीपीचं आता सांगू की गप्प राहू?

मी एकवीस वर्षं आरोग्य विम्याच्या दाव्यांत काम करतोय. त्यातली पहिली निम्मी वर्षं कंपनीच्या बाजूनं दावे तपासण्यात गेली, पुढची पॉलिसीधारकांचे कागद लावून देण्यात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधपाण्याबद्दल जे लिहीन ते फक्त विम्याशी जिथे संबंध येतो तेवढंच.

‘किडनी कव्हर आहे का’ हा प्रश्न तसा सोपा आहे. कव्हर आहे. अडचण वेगळ्याच दोन ठिकाणी आहे. ही पॉलिसी किडनीच्या अगदी शेवटच्या अवस्थेलाच पैसे देते, आणि तुम्ही आज त्या अवस्थेपासून बरेच लांब आहात. तिथवर जायला जी वर्षं जातील, तेवढी ही पॉलिसी टिकते का, हे बघावं लागेल. दुसरी अडचण म्हणजे तो ‘नाही’ लिहिलेला फॉर्म. दावा कधीही करा, पहिल्यांदा तोच कागद बाहेर येणार.

आधी रिपोर्टबद्दल. एका तपासणीवरून स्वतःला किडनीचा रुग्ण ठरवू नका. दीर्घकालीन किडनीविकार म्हणण्यासाठी बिघाड निदान तीन महिने टिकलेला असावा लागतो. जुलाब होऊन अंगातलं पाणी कमी झालं, दातदुखीसाठी आठवडाभर वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या, व्यायामशाळेत क्रिएटिनची पावडर चालू असली, तरी आकडा वर सरकतो. पण तुमच्या बाबतीत बीपी आणि लघवीतलं प्रोटीन दोन्ही सोबत आहेत, त्यामुळे हा रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका. नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे किडनीच्या तज्ज्ञाकडे, जा. ते क्रिएटिनिन पुन्हा करतील, लघवीतल्या अल्ब्युमिनचं प्रमाण मोजायला एसीआर सांगतील, सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार बघतील.

आणि जाताना मागच्या सगळ्या वार्षिक तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन जा. तुमची कंपनी दरवर्षी तपासणी करते, म्हणजे दोन, तीन, चार वर्षांपूर्वीचं क्रिएटिनिन कुठेतरी नोंदलेलं आहे. डॉक्टरांना त्यातून उतार किती वेगाचा आहे ते कळेल. विम्याच्या दृष्टीनं तर हे कागद सोन्यासारखे आहेत. पॉलिसी घेतली त्या वर्षी क्रिएटिनिन १.० असेल, तर किडनीचा आजार पॉलिसीच्या आधीचा नव्हता याचा याहून चांगला पुरावा नाही. ते तेव्हाच १.४ असेल, तर तेही आज आपल्याला माहीत असलेलं बरं. सदतिसाव्या वर्षी बीपी सुरू झालं की कधीकधी बीपीमुळे किडनी नव्हे, तर आधीच दुखावलेल्या किडनीमुळे बीपी असा उलटा प्रकार निघतो. विमा कंपनीचे डॉक्टर ही शक्यता हमखास तपासतात.

आता पॉलिसी नेमकी कशाला पैसे देते ते बघू. भारतात क्रिटिकल इलनेसमधल्या मुख्य आजारांच्या व्याख्या विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ठरवून दिलेल्या आहेत. त्यामुळे किडनीची व्याख्या बहुतेक पॉलिसींत सारखीच सापडेल. तिचा मराठीत अर्थ असा: दोन्ही किडन्या कायमच्या, पुन्हा न सुधारण्याइतक्या निकामी झालेल्या असाव्यात, त्यामुळे नियमित डायलिसिस सुरू झालेलं असावं किंवा किडनी प्रत्यारोपण झालेलं असावं, आणि निदान तज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं असावं. डायलिसिस रक्ताचं असो वा पोटातलं, दोन्ही चालतं. डायलिसिसची वेळ येण्याआधीच घरच्या कुणीतरी किडनी दिली आणि थेट प्रत्यारोपण झालं, तरी दावा बसतो.

या व्याख्येतला एकेक शब्द माणसांना पैसे मिळवून देतो किंवा हातचे घालवतो. ‘दोन्ही’ म्हटलंय, म्हणून गाठीमुळे एक किडनी काढावी लागली तर या कलमाखाली काही मिळत नाही. ‘कायमच्या’ म्हटलंय, आणि कोकणातल्या लोकांना या शब्दाचा फटका बसतो. पावसाळ्यात लेप्टो होतो, किडन्या एकदम बंद पडतात, दोन-तीन आठवडे डायलिसिस करावं लागतं आणि मग लघवी सुटते, माणूस सुधारतो. साप चावल्यावर, मलेरिया बळावल्यावरही असं होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भातशेती करणाऱ्या माणसाचा असा दावा माझ्याकडे आला होता. नऊ वेळा डायलिसिस झालेलं, घरचे हादरून गेलेले, हातात १० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी. दावा नामंजूर झाला आणि मला त्यांना सांगावं लागलं की कंपनीचं बरोबर आहे. त्यांची किडनी परत चालू झाली होती. रुग्णालयाचं बिल मेडिक्लेमनं दिलं असतं, पण मेडिक्लेम त्यांनी घेतलाच नव्हता. ‘मोठ्या आजाराची’ एक पॉलिसी आहे म्हणजे पुरे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

तिसरा शब्द ‘सुरू झालेलं’. ईजीएफआर १२ वर आलाय, अन्न नकोसं झालंय, जिना चढवत नाही, नोकरी सुटलीय, पण डॉक्टर अजून औषधांवर सांभाळताहेत. ही किडनीविकाराची पाचवी, म्हणजे शेवटची अवस्था आहे आणि तरीही दावा बसत नाही, कारण डायलिसिस सुरू नाही. ऐंशीच्या घरातले काही रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय विचारपूर्वक डायलिसिस नको असं ठरवतात. तो निर्णय वैद्यकीयदृष्ट्या अगदी योग्य असू शकतो, पण पॉलिसी अशा वेळी पैसे देत नाही. याउलट पॉलिसीच्या पैशांसाठी डायलिसिस लवकर सुरू करण्याचा विचारही करू नका, आणि कुणी सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा.

यात आणखी दोन मुदती येतात. पॉलिसी घेतल्यापासून पहिले ९० दिवस सहसा कोणताच गंभीर आजार धरत नाहीत. ते दिवस तुमचे उलटून गेलेत. दुसरी सर्व्हायव्हल पीरियडची. निदानानंतर किंवा उपचारानंतर ठरावीक दिवस रुग्ण हयात असावा लागतो, बऱ्याच पॉलिसींत ३० दिवस. हा आकडा पॉलिसीगणिक बदलतो, तुमच्या कागदावर बघा.

आता वेळेचा हिशेब. चाळिशीनंतर निरोगी माणसाचाही ईजीएफआर वर्षाला साधारण एकानं उतरतो. आजारी किडनीचा उतार किती, हे कारणावर, बीपीवर, साखरेवर आणि सगळ्यात जास्त लघवीतल्या प्रोटीनवर अवलंबून असतं. समजा तुमचा उतार वर्षाला तीनचा निघाला. ५५ वरून १० वर यायला पंधरा वर्षं लागतील. बीपी नीट आवरलं आणि प्रोटीन कमी झालं, तर डायलिसिसची वेळ आयुष्यात येणारही नाही. ईजीएफआर ५५ असलेली पुष्कळ माणसं डायलिसिसपर्यंत पोचतच नाहीत.

मग ही बँकेची पॉलिसी पंधरा वर्षं पुरते का? इथे मला तुमचा कागद न बघता ठाम बोलता येणार नाही, पण गृहकर्जासोबत दिलेल्या अशा पॉलिसी मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. त्यांत पुष्कळदा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो आणि मुदत पाच वर्षांची असते, कर्ज वीस वर्षांचं असलं तरी. काहींत विम्याची रक्कम कर्जाच्या बाकीबरोबर दरवर्षी कमी होत जाते. दावा मंजूर झाला तर पैसे आधी बँकेच्या कर्जखात्यात जातात, उरले तर तुम्हाला. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवलं किंवा आधीच फेडलं तर पॉलिसीचं काय होतं, याचं उत्तरही प्रत्येक ठिकाणी वेगळं. म्हणून आज पहिलं काम हे करा: ‘सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स’ शोधा आणि त्यावर मुदत, नूतनीकरण होतं की नाही, रक्कम स्थिर की घटती, आणि पॉलिसी आयुर्विमा कंपनीची आहे की आरोग्य विमा कंपनीची, एवढं बघा. हे शेवटचं कशासाठी ते पुढे येईल.

पाच वर्षांची पॉलिसी निघाली, तर तिच्यातून किडनीसाठी पैसे मिळण्याची शक्यता मुळातच कमी आहे, आणि ती तशी कमी राहावी हेच आपल्याला हवंय. तिच्यावर भरवसा ठेवून बाकीची तयारी थांबवू नका, एवढाच माझा मुद्दा आहे.

आता तो फॉर्म. यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या अनुभवात किडनीचे दावे व्याख्येमुळे जितके फसतात, त्याहून जास्त जुन्या बीपी-शुगरच्या नोंदीमुळे फसतात.

फॉर्म बँकेच्या माणसानं भरला हे खरं असेल, पण खाली सही तुमची आहे, किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही सांगितलाय. कायदा त्याला तुमचंच निवेदन मानतो. कर्जासोबतच्या पॉलिसींत कधीकधी वेगळे रकानेच नसतात, ‘माझी तब्येत उत्तम आहे, मला उच्च रक्तदाब, मधुमेह, किडनीविकार नाही’ असा एकच परिच्छेद असतो आणि कर्जाच्या चाळीस कागदांत त्यावर सही होऊन जाते. सही करताना तो कुणी वाचून दाखवत नाही, याची मला खरोखर चीड आहे. पण दाव्याच्या वेळी ती चीड उपयोगी पडत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. २००९ सालचा निकाल मेडिक्लेमचाच होता. रुग्णाला आधीपासून मधुमेह आणि त्यातून किडनी निकामी झालेली, ते अर्जात सांगितलेलं नव्हतं. विमा कंपनीला धोका ठरवण्यासाठी जे माहीत असणं गरजेचं ते लपवलं, म्हणून दावा नाकारणं न्यायालयानं योग्य ठरवलं. दुसरा २०२१ चा, परदेश प्रवासाच्या मेडिक्लेमचा. तिथे माणसानं मधुमेह अर्जात सांगितला होता. कंपनीनं ते माहीत असूनही पॉलिसी दिली आणि हृदयविकाराचा दावा आल्यावर जुन्या आजाराकडे बोट दाखवलं. न्यायालयानं ते मान्य केलं नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की सांगितलेलं आणि न सांगितलेलं यांत किती अंतर पडतं ते दिसतं.

आता मुदती. पॉलिसी आरोग्य किंवा सर्वसाधारण विमा कंपनीची असेल, तर सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर कंपनीला न सांगितलेल्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. याला मोरेटोरियम म्हणतात. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ पासून पाच झाली. पॉलिसी आयुर्विमा कंपनीची असेल, तर विमा कायद्याचं कलम ४५ लागू होतं आणि तिथे ही मुदत तीन वर्षांची आहे. कंपनी कोणत्या प्रकारची ते बघा म्हटलं ते यासाठी.

हे वाचून तुमच्या मनात येईल की मग तेवढी वर्षं गप्पच बसावं. बरेच एजंट हाच सल्ला देतात. मी देत नाही, आणि त्याला नीतीशिवाय व्यवहाराचंही कारण आहे. तुम्हाला बीपी आहे हे माहीत होतं आणि आता फॉर्ममध्ये चूक आहे हेही माहीत झालंय. यापुढे गप्प राहणं म्हणजे उद्या त्याला ‘विसरलो’ म्हणता येणार नाही, आणि आरोग्य विमा कंपनीच्या पॉलिसीत मुदतीनंतरही फसवणुकीचा मुद्दा उघडाच राहतो. शिवाय किडनीपुरतं बोलू नका. ही पॉलिसी हृदयविकार, पक्षाघात यांनाही पैसे देते, आणि बीपी व किडनी दोन्ही बिघडलेल्या माणसाला त्यांचा धोका जास्त असतो. तो प्रसंग उद्याही येऊ शकतो, पंधरा वर्षांनी नव्हे.

म्हणून आधी अर्जाची प्रत लेखी मागा. तो तुमचा हक्क आहे. तिच्यात खरंच ‘नाही’ असेल, तर कंपनीला एक साधं पत्र किंवा ईमेल पाठवा आणि बँकेला प्रत द्या. मजकूर असा असू द्या: ‘पॉलिसी घेताना अर्ज माझ्या वतीनं भरण्यात आला. त्याची प्रत आता पाहिल्यावर लक्षात आलं की उच्च रक्तदाबाची नोंद राहून गेली आहे. मला अमुक साली उच्च रक्तदाबाचं निदान झालं, अमुक गोळी चालू आहे. चिठ्ठ्या सोबत जोडत आहे. नोंद दुरुस्त करून लेखी कळवावे.’ रागाचं एकही वाक्य नको, बँकेवर आरोप नको. प्रत मिळाली नसेल तर ‘प्रत पाहिल्यावर’ असं लिहू नका, जे घडलंय तेवढंच लिहा. पोच जपून ठेवा.

याचा परिणाम काय होईल, हे मी आधी सांगू शकत नाही. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन पॉलिसी चालू ठेवतात, काही त्या आजाराला प्रतीक्षा कालावधी (तेवढे महिने त्या आजाराचे पैसे मिळत नाहीत) लावतात, काही पॉलिसी रद्द करतात. रद्द झाली तर तुमचं नुकसान आहे, हे लपवत नाही. पण दोन वर्षांच्या, कदाचित आणखी तीनच वर्षं उरलेल्या पॉलिसीसाठी तो धोका पत्करण्यासारखा आहे असं मला वाटतं. तुमची पॉलिसी आयुष्यभर नूतनीकरण होणारी, स्थिर रकमेची निघाली, तर पत्र पाठवण्याआधी एखाद्या विमा जाणणाऱ्या वकिलाला अर्जाची प्रत दाखवा आणि पत्राची भाषा त्यांच्याकडून बघून घ्या. माझं उत्तर तरीही ‘सांगा’ हेच राहील.

आणखी एक क्रिटिकल इलनेस पॉलिसी लगेच घ्यावी का? आत्ता अर्ज करू नका. तपासण्या अर्धवट असताना कंपनी सहसा ‘तीन किंवा सहा महिन्यांनी या’ म्हणते किंवा नकार देते, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ‘आधी कधी नाकारलं आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागतं. रिपोर्ट लपवून अर्ज करणं तर पूर्ण बाद. आधी तीन महिन्यांनंतरचं चित्र येऊ द्या. क्रिएटिनिन खाली आलं, एसीआर ३० च्या आत आला, तर नेफ्रॉलॉजिस्टच्या पत्रासह अर्ज करता येईल. ईजीएफआर ५५ वरच राहिला, तर बहुतेक कंपन्या नाही म्हणतील किंवा किडनी वगळून बाकीचे आजार देऊ करतील. किडनी वगळून, रास्त हप्त्यात मिळाली, तर मी ती घ्या म्हणेन, कारण कर्करोग, हृदय, मेंदू हे सगळं त्यात राहतं.

माझ्या मते तुमची खरी तातडी मेडिक्लेममध्ये आहे. आज तुमच्याकडे फक्त कंपनीचा आहे, आणि नोकरी गेली की तो जातो. ग्रुप पॉलिसींत जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, ही त्यांची मोठी सोय. त्यामुळे नोकरी बदलताना दोन गोष्टी करा. नव्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम कधीपासून लागू होतो ते आधीच विचारा. आणि ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, ती नोकरी सोडण्याआधीच एचआरकडे विचारा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जाऊ शकतात. नोकरी सुटल्यानंतर महिन्याभरानं जाग आली तर हा रस्ता बंद झालेला असतो.

त्याच्या जोडीला स्वतःचा वैयक्तिक मेडिक्लेमही आत्ताच बघा, सगळं खरं सांगून. जुन्या आजाराचा प्रतीक्षा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे. तुम्हाला आज पॉलिसी मिळाली आणि किडनी त्यातून वगळली नाही, तर तीन वर्षांनी ती पूर्ण लागू होईल, आणि तुमच्या किडनीकडे तीन वर्षं आहेत. एक सावधगिरी: २०१९ मध्ये नियामकानं वगळणुकींचे नियम एकसारखे केले, तेव्हा कायमचे वगळता येतील अशा आजारांच्या यादीत दीर्घकालीन किडनीविकारही ठेवला. कंपनी अशी पॉलिसी देताना तुमची संमती घेते. ‘कायमस्वरूपी वगळणे’ आणि ‘प्रतीक्षा कालावधी’ यांतला फरक सही करण्याआधी एजंटकडून लेखी घ्या. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांचा फ्री लुक असतो, त्यात परत करता येते.

डायलिसिस मेडिक्लेममध्ये डे केअर म्हणून बसतं, म्हणजे चोवीस तास दाखल राहायची अट नसते. पण ५ लाख किती पुरतात बघा. एका वेळचे २,००० रुपये धरले आणि आठवड्याला तीन वेळा, तर वर्षाला १५६ वेळा, म्हणजे ३,१२,०००. त्यात हिमोग्लोबिनसाठीची इंजेक्शनं, फिस्टुलाचं (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिन्यांचं) ऑपरेशन, मध्येच एखादा संसर्ग. प्रत्यारोपण झालं की शरीरानं किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या आयुष्यभर. त्यांचा खर्च मेडिक्लेम डिस्चार्जनंतरचे ठरलेले ६०, ९० किंवा १८० दिवस देतो, पुढे नाही. क्रिटिकल इलनेसच्या एकरकमी पैशांचं खरं काम इथे असतं: गोळ्या, बुडालेला पगार, रुग्णालयाजवळ भाड्यानं घेतलेली खोली.

महाराष्ट्रात राहता, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना विसरू नका. २०२३ च्या निर्णयानं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण झालं आणि किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. रेशनकार्ड आणि अधिवासाचे कागद आत्ताच नीट करून ठेवा. नावातली एका अक्षराची चूक ऐन वेळी आठवडा खाते. जुन्या करपद्धतीत असाल तर किडनी निकामी झाल्यावरच्या खर्चाला आयकरात वजावटही आहे (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८०डीडीबी).

कागदांबद्दल एक गोष्ट फार जवळून पाहिलीय ती सांगतो. सांगलीकडच्या एका बाईंना रात्री दम लागला म्हणून रुग्णालयात नेलं. ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरांनी घाबरलेल्या मुलाला विचारलं, ‘बीपी कधीपासून?’ तो म्हणाला, ‘झाले असतील आठ-दहा वर्षं.’ केसपेपरवर लिहिलं गेलं: दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब. तेच डिस्चार्ज कार्डावर उतरलं. प्रत्यक्षात बीपीचं निदान पॉलिसीनंतरचं, चार वर्षांपूर्वीचं होतं. दावा नाकारला गेला. आम्हाला गावच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी, औषधाच्या दुकानाची बिलं आणि उपचार करणाऱ्या नेफ्रॉलॉजिस्टचं खुलाशाचं पत्र गोळा करायला सात महिने लागले. मग दावा मंजूर झाला. त्या सात महिन्यांत त्यांच्या मुलानं रिक्षा विकली होती.

म्हणून बीपीचं निदान कधी झालं, क्रिएटिनिन पहिल्यांदा कधी वाढलेलं दिसलं, या दोन तारखा एका कागदावर लिहून तुमच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की रुग्णालयात अंदाजानं बोलायचं नाही, हा कागद दाखवायचा. तारखा खऱ्याच लिहा, सोयीच्या नकोत. डिस्चार्ज घेताना कार्ड वाचा. चूक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या. नंतर केलेल्या दुरुस्तीकडे कंपनी संशयानं बघते.

दावा चुकीच्या कारणानं नाकारला गेलाच, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की पत्नी ३८ वर्षांची आहे आणि ‘तिला काही नाही, ठणठणीत आहे’. माझ्या दृष्टीनं पुढच्या महिन्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम तिच्या नावावर आहे. तिचा स्वतंत्र मेडिक्लेम आणि तिची स्वतःची क्रिटिकल इलनेस पॉलिसी आत्ता घ्या. तुमच्याशी जोडलेली फॅमिली फ्लोटर (एकाच रकमेत सगळं कुटुंब) नको, तिच्या एकटीच्या नावावर. तब्येत चांगली आहे तोवर ती सहज आणि कमी हप्त्यात मिळेल, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटीही नाही. कधीकाळी तुम्हाला किडनी लागलीच, तर अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळच्या नातेवाइकांत पत्नी येते, आणि प्रत्यक्षात कितीतरी घरांत किडनी देणारी तीच असते. देणारीचं ऑपरेशन तिच्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीत बसत नाही, कारण आजार तिला नसतो. तिच्या रुग्णालयाचा खर्च तुमच्या मेडिक्लेमच्या ‘डोनर’ कलमातून येतो, तेही बहुतेक ठिकाणी फक्त ऑपरेशनपुरता. आणि त्यानंतर एका किडनीवर जगणाऱ्या बाईला नवी पॉलिसी मागायला गेलं की तेच प्रश्न विचारले जातात, जे आज तुम्हाला विचारले जाणार आहेत. तिचा फॉर्म तिला स्वतःला भरू द्या, प्रत्येक रकाना वाचून.